अंजनवेल, हजर आहात का?

“नळदुर्ग?”

“हजर! खोकला आहे, पण हजर!”

“रत्नदुर्ग?”

“हजर!” भागोजी आजोबा माइकमध्ये इतक्या जोरात ओरडले, की कोपऱ्यात कोय चोखत बसलेला बाबल्या दचकला आणि कोय सुळकन निसटून त्याच्या नव्या सदऱ्यावर पडली.

“अंजनवेल?”

खरखर. नुसती खरखर. मग तिच्यात कुणीतरी लांबून उशी बडवावी तसं धप्... धऽप्... धप्...

“अंजनवेल आजही गैरहजर!” कोल्हापूरहून मथुराबाईंचा आवाज आला. “आणि त्या रत्नागिरीच्या बर्फाच्या कारखान्याची मोटर मात्र रोज हजर! चला, पुढं जाऊया.”

राहीने भलीमोठी जांभई दिली. सुट्टी सुट्टी म्हणून जिची वाट पाहिली ती ही अशी! सकाळी आंबे उतरवायला मदत, दुपारी आंबापोळीची ताटं राखत कावळे हाकायचे, आणि अंगातलं सगळं त्राण गेलं, की संध्याकाळी आजोबांच्या खोलीत त्या तापलेल्या यंत्रापाशी बसायचं. मुंबईहून आलेला तिचा आतेभाऊ बाबल्या निदान बसल्या जागी खात तरी होता.

आजोबा लष्कराच्या सिग्नल दलातून सुभेदार होऊन निवृत्त झाले होते. सरकारी परवाना काढून त्यांनी घरीच रेडिओचं यंत्र जुळवलं होतं, ऐकायचं आणि बोलायचंही. अशीच यंत्रं बाळगणारी आणि जुन्या लढायांचं वेड लागलेली माणसं गावोगावी होती. त्यांनी मिळून ‘तोफखाना मंडळ’ काढलं होतं. प्रत्येकाने एकेका किल्ल्याचं नाव घेतलं होतं. इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या मथुराबाई म्हणजे पन्हाळा. रोज दिवेलागणीला त्या हजेरी घ्यायच्या आणि मग गप्पा सुरू व्हायच्या. लढाई पानिपतची असायची आणि दुखणं गुडघ्याचं! कुणाचा हत्ती कुठे बिथरला यावरून हमरीतुमरी चालायची, आणि शेवटी सगळे एकमेकांना औषधं सांगून झोपायला जायचे.

‘अंजनवेल’ म्हणजे काशीरामआजोबा. मूळचे दाभोळचे, म्हणून हे नाव. राहायचे मात्र खाडीपलीकडे भाट्यात, हाकेच्या अंतरावर म्हणा ना! आजोबा आणि ते लष्करात एकाच तंबूत होते. पण गेल्या कित्येक वर्षांत दोघे समोरासमोर भेटले नव्हते. “रोज भेटतो की!” असं दोघंही यंत्राकडे बोट दाखवून म्हणायचे.

शिमग्याच्या सुमारास दोघांचं वाजलं. रत्नदुर्गाच्या बुरुजावरून डागलेला गोळा भाट्याच्या खाडीच्या तोंडापर्यंत पोचेल की नाही, एवढीच काय ती गोष्ट! काशीरामआजोबा म्हणाले, पोचतो. आजोबा म्हणाले, नाही पोचत. वाद वाढत गेला आणि सगळ्या मंडळासमोर आजोबा कडाडले, “काशीराम, आता तोंड बंद ठेव!”

तेव्हापासून अंजनवेल गप्प होतं.

“रुसलाय तो,” आजोबा यंत्र बंद करताना म्हणाले. रोजच म्हणायचे. “आन् रुसूदे! मी काय त्याच्या दाराशी जाणार नाय.”

पण म्हणताना त्यांचा आवाज इतका दमलेला होता, की राहीला त्यांचा राग येण्याऐवजी वाईटच वाटलं.

*

“कसली मोटर?” दुसऱ्या दिवशी अजरा म्हणाली. अजरा राहीच्या वर्गातली, राजिवड्यात राहणारी. आंबापोळीच्या ताटांपाशी तिघं सावलीला पसरले होते. “बर्फाचा कारखाना बंद आहे गं! मशीन बिघडलंय. आमचे अयूबचाचा रोज कावतात, बर्फ नाही तर मासे काय तोंडाच्या वाफेने गार ठेवू म्हणून!”

राही ताडकन उठून बसली. “कारखाना बंद? मग ते धप्-धप् कुणाचं?”

“भुताचं!” बाबल्या डोळे न उघडता म्हणाला.

“भूत काय रोज वेळेवर येतं? आणि नेमकं अंजनवेलच्या नावानंतर?” बोलता बोलता राहीच थबकली. खरंच की! नळदुर्गानंतर नाही, मध्येच कधी नाही. अंजनवेलचं नाव घेतलं, की धप्-धप्, आणि पुढचं नाव आलं, की बंद!

त्या संध्याकाळी तिघं यंत्राला चिकटून बसले. बाबल्यासुद्धा कोय न घेता आला, यावरून काय ते समजा.

“अंजनवेल?”

धप्... धऽप्...

राहीने हात लांब करून यंत्रावरचं एक बटण फिरवलं. मोर्स ऐकायचं बटण होतं ते. मोर्स म्हणजे लांब आणि आखूड टकटकीची भाषा. एकेका अक्षराला एकेक खूण. बोलणं चालू असताना हे बटण बंद ठेवायचं, हा आजोबांचा शिरस्ता. ते फिरवताच उशी बडवल्यासारखा तो आवाज गेला आणि खोलीत चक्क शिटी वाजू लागली! अडखळत, ठेचकाळत, मध्येच दम खात. टी... टीऽ टीऽ... टी...

“पी!” राही ओरडली. “आजोबा, पी आहे हा! आता ओ... सी...”

“चला, पुढं जाऊया,” मथुराबाई म्हणाल्या आणि शिटी बुडाली.

“पी, ओ, सी!” बाबल्या नाचायला लागला. “पोचपावती! कुणीतरी पोचपावती मागतंय!”

“गप रे! आजोबा, काशीरामआजोबा आहेत ते!”

आजोबांनी नाही म्हणून मान हलवली. सिग्नलवाल्यांचं एक असतं. प्रत्येकाची टकटक करायची ढब वेगळी, तिला ते ‘हात’ म्हणतात. आणि आवाजावरून माणूस ओळखावा तसा ते हातावरून माणूस ओळखतात.

“काशीरामचा हात मी झोपेत ओळखीन,” आजोबा म्हणाले. “कसा वाहत्या पाण्यासारखा! हा नव्हे गो तो. हे कुणीतरी पोरटं खेळतंय. असला हात मी एकच आयकलाय, तुजा!”

राहीचा चेहरा पडला. परवान्याच्या परीक्षेसाठी ती मोर्स शिकत होती. चौदा वर्षं पूर्ण झाल्याशिवाय परीक्षेला बसता येत नव्हतं आणि तिला अजून वर्षभर अवकाश होता. तोवर तिचा हात आजोबांच्या भाषेत ‘लंगडी बकरी’ होता.

पण अंथरुणावर पडल्या पडल्या तिला वाटत राहिलं, की आपण लंगडतो ते शिकतोय म्हणून. मग हे कुणीतरी का बरं लंगडत असेल?

*

“बसा गो पोरांनु, हलू नका!” अयूबचाचांनी होडी पाण्यात ढकलली. त्यांना पलीकडे भाट्यात जाळं दुरुस्तीला जायचंच होतं. सकाळ असूनही ऊन भाजत होतं आणि खाडीचं पाणी डोळ्यांत खुपत होतं.

काशीरामआजोबांच्या अंगणात आंब्याच्या पेट्यांचे ढीग लागले होते. पेंढ्यात बुडालेला एक माणूस पेट्यांवर खिळे ठोकत होता. डोळे तारवटलेले, दाढी वाढलेली. हा काशीरामआजोबांचा भाचा सदू.

“काय गो, कुणाच्या तुमी?” तो म्हणाला. “मामांना भेटायला? मामांना आता काय कळत नाय. शिमग्यात अंगावरनं वारं गेलं त्यांच्या. उजवी बाजू गेली, वाचा गेली.”

राही पुढे झाली. “आणि तुम्ही कुणाला कळवलं नाहीत?”

“कुणाकुणाला कळवू? मी मुंबईसून आलो तो एकटा, हा मोसम डोक्यावर! औषध मी, जेवण मी, आंबे मी!” सदूने हातोडा खाली टाकला. “उद्या सकाळी ट्रक येतोय. त्यातनंच मामांना मुंबईला नेणार. तिकडं एक आश्रम बघितलाय. हितं त्यांचं कोण करणार? ता यंत्र भंगारवाला घेऊन जायल.”

“उद्या?” तिघं एकदम ओरडले.

बाबल्याने अजराकडे पाहिलं, अजराने राहीकडे. मग बाबल्या चक्क पेंढ्यात फतकल मारून बसला. “काका, मला पेटी भरायला शिकवा ना! देठ वर की खाली?”

मोसमात फुकट मिळालेले हात कोण नाकारेल? सदू देठाचं शास्त्र समजावू लागला आणि दोघी मैत्रिणी घरात सटकल्या.

खिडकीपाशी आरामखुर्चीत काशीरामआजोबा बसले होते. तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला. समोर यंत्र. आणि डावा हात मोर्स वाजवायच्या कळेवर!

“डावा हात!” राही कुजबुजली. “अजरा, अगं, डाव्या हाताने टकटक करतात ते! म्हणून आजोबांना हात ओळखू आला नाही!”

ती खुर्चीपाशी बसली आणि लाकडी दांड्यावर बोटाच्या पेराने एकेक अक्षर वाजवू लागली. ‘मी भागोजींची नात.’ रोमन लिपीत, लंगडत लंगडत. किती चुका झाल्या कोण जाणे!

म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. डावं बोट उचललं गेलं आणि दांड्यावर आपटलं. पुन्हा. पुन्हा. राही ओठ हलवत अक्षरं जुळवत गेली, आणि जुळल्यावर तिला हसावं की रडावं कळेना.

“काय म्हणतायत?” अजराने विचारलं.

“म्हणतायत... बकरी.”

आजोबांनी सगळ्या मंडळाला सांगितलं होतं तर! ऐकत होते. शिमग्यापासून रोज, एकूण एक शब्द हे ऐकत होते.

“काय चाललंय?” दारात सदू उभा होता. राहीने त्याला भराभरा सगळं सांगितलं. तो ऐकत होता, पण थकून थकून त्याच्या डोक्यात काही शिरण्याजोगी जागाच उरली नव्हती. “बोटांचा चाळा हाय गो तो,” तो म्हणाला. “रात्रंदिवस तेच करतात. मी रोज बघतो. तुमी पोरं उगाच कायतरी लावू नका डोक्याला.”

*

दुपारी घरी येऊन राहीने आजोबांना सांगितलं. अंगावरून वारं, डावा हात, उद्याचा ट्रक, सगळं.

आजोबा झोपाळ्यावर बसून राहिले. एवढंच म्हणाले, “मी म्हटलं होतं त्याला, तोंड बंद ठेव.” आणि उठून आत गेले.

“आता काय गं?” बाबल्याने हळूच विचारलं.

“आता आपणच!” राही म्हणाली. “अजरा, तू आजोबांपाशी बस. हजेरीच्या वेळी ते बटण फिरवायचं काम तुझं. बाबल्या, आपण पुन्हा भाट्यात. पेट्या भरायला!”

“अजून पेट्या?” बाबल्याने कपाळावर हात मारला. “मी सुट्टीला आलोय की हमालीला?” पण चपला त्यानेच आधी पायात घातल्या.

त्यांनी पेट्या भरल्या. भरून भरून हाताला पेंढ्याचे चरे पडले. दिवेलागणीला माजघरातून यंत्र तापल्याचा वास आला आणि काशीरामआजोबांनी डाव्या हाताने आवाज मोठा केला. सदूने मान हलवली. “बघा, सुरू झाला चाळा.”

“काका, एकदाच आत येऊन ऐका ना!” राही म्हणाली. “एकदाच!”

सदू आला. दमलेला माणूस वाद घालत नाही, म्हणून आला.

“नळदुर्ग?” “हजर!” आज खोकल्याचा उल्लेखही नव्हता.

“रत्नदुर्ग?” “हजर,” आजोबांचा आवाज आला. इतका बारीक, की राहीला ओळखू येईना.

“अंजनवेल?”

डावा हात कळेवर पडला. टक... टऽक टऽक...

“गैरहजर. चला, पुढं...”

आता सगळं संपलं! राहीने डोळे घट्ट मिटून घेतले.

“पन्हाळा, थांबा!” आजोबा होते ते. “सगळ्यांनी थांबा. कुणीही बोलू नका. मोर्सचं बटण फिरवा आणि ऐका. काशीराम बोलतोय.”

खोलीत फक्त त्या कळेचा आवाज उरला. एकेक अक्षर घाट चढणाऱ्या माणसासारखं येत होतं. मध्ये विसावा, मग पुन्हा. कोल्हापूर थांबलं होतं, सोलापूर थांबलं होतं. मग आजोबा एकेक अक्षर जुळवत वाचू लागले, “पो... च... तो. पोचतो! गोळा पोचतो!”

सगळं मंडळ हसायला लागलं. मथुराबाई तर हसता हसता रडत होत्या. “अहो, मदत मागायची सोडून हा माणूस भांडतोय!”

“पोचतो रे बाबा, पोचतो!” आजोबा म्हणाले. “तू जिंकलास. मी तुझा हात ओळखला नाही, काशीराम. माझं चुकलं.”

काशीरामआजोबांच्या तोंडाची एकच बाजू हसली.

“हे बघ,” सदू राहीला म्हणाला, “तुज्या आजोबांना वाटतंय म्हणून ते तसं वाचतायत. टकटकीतनं काय वाट्टेल ते काढता येतं. त्यांची माया हाय, मला समजतं. पण...”

“मग तुम्हीच विचारा!” राही म्हणाली. “असं काहीतरी, जे फक्त तुमच्या मामांना माहीत आहे. तिकडे आजोबांना तुमचा प्रश्न ऐकूच जाणार नाही. कळ दाबली, की फक्त टकटक जाते!”

सदू मग खुर्चीपाशी उकिडवा बसला. “मामा,” तो अगदी हळू म्हणाला, “माझ्या आईला तुमी घरात काय हाक मारायचा?”

बाबल्या राहीच्या कानाशी लागला, “नाव काय होतं तिचं?” राहीने खांदे उडवले. तिला तरी कुठे माहीत होतं!

म्हाताऱ्याने भाच्याकडे खूप वेळ पाहिलं. मग कळ वाजू लागली. थांबत, धापा टाकत. ती थांबली आणि यंत्रातून आजोबांचा गोंधळलेला आवाज आला.

“मैना... काशीराम, मैना म्हणजे कोण रे? भाट्याहून कुणी मैना विचारतंय का? ओव्हर.”

सदू राहीकडे वळला.

“आईचं नाव चिमा,” तो म्हणाला. “सगळे चिमाच म्हणायचे. मैना फक्त मामा. तेपण आय गेल्यावर कदी नाय...” त्याने मामांच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. “मामा, मी तुमच्यासमोर आश्रमाचं बोलायचो. रोज बोलायचो. तुमी सगळं आयकत होता?”

डावा हात कळेवरून उचलला गेला आणि भाच्याच्या पेंढा अडकलेल्या केसांवर येऊन राहिला.

*

दुसऱ्या सकाळी ट्रक आला, आंबे घेऊन गेला. त्याआधीच अयूबचाचांच्या होडीतून आजोबा भाट्यात पोचले होते. दोघं म्हातारे एकमेकांकडे बघत राहिले.

“किती म्हातारा झालास रे!” आजोबा म्हणाले. काशीरामआजोबांनी खुर्चीच्या दांड्यावर काहीतरी वाजवलं आणि आजोबा खो-खो हसले. काय वाजवलं ते मात्र त्यांनी पोरांना सांगितलं नाही.

परतीच्या होडीत काशीरामआजोबा होते, त्यांचं यंत्र होतं आणि सामान सांभाळत सदू होता. “एकाला दोन म्हातारे!” राहीची आई म्हणाली आणि तिने आजोबांच्या खोलीत दुसरी खाट टाकली. सदूचं तोंड इतकं उतरलेलं होतं, की त्याला आधी जेवायला वाढलं. तो ताटावरच पेंगू लागला.

संध्याकाळी दोन्ही यंत्रं शेजारी शेजारी मांडली गेली. कोपराला कोपर लागेल इतकी जवळ!

“हजेरीआधी एक काम,” मथुराबाई म्हणाल्या. “आम्ही एवढी थोर माणसं, कान टवकारून बसणारी, आणि महिनोन्महिने मित्राच्या हाकेला मोटर समजत होतो. तीन पोरांनी आमचे कान धरले. राही, अजरा, बाबल्या, मंडळाचा तुम्हाला मुजरा!”

“नुसता मुजरा?” बाबल्या पुटपुटला. अजराने त्याच्या तोंडात आंब्याची फोड कोंबली.

“राही,” आजोबा म्हणाले, “तुजा हात भयंकर हाय. पण घाईघाईने सुधारू नको हां. सगळेच छान वाजवायला लागले, तर लंगड्याचं कोण आयकणार?”

मग हजेरी सुरू झाली. नळदुर्ग हजर, खोकल्यासकट. रत्नदुर्ग हजर.

“अंजनवेल?”

काशीरामआजोबांनी डावा हात कळेवर ठेवला. आजोबा शेजारीच बसले होते, नुसती मान वळवली असती तरी दिसलं असतं. पण त्यांनी डोळे मिटून कान यंत्राला लावला. गावोगावची ती दमलेली म्हातारी माणसं आपापल्या यंत्रांपाशी गप्प बसून राहिली. कुणी मध्ये खोकलंसुद्धा नाही. अक्षरं एकेक करून येत होती आणि राही ओठांतल्या ओठांत ती लावत होती. एच... ए... जे... ए...

शेवटचं अक्षर यायला फार वेळ लागला. सगळे थांबले.

“हजर,” राही म्हणाली.